पावसातच पेटणारा एबीएसचा दिवा : एका दहा चाकी ट्रकचं प्रकरण

गाडी २०१६ सालची, दहा चाकी, २४ व्होल्टची, पूर्ण हवेच्या ब्रेकची. ऑक्टोबर २०१५ पासून देशात नव्याने बनणाऱ्या जड ट्रक-बसना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्यामुळे ही पहिल्या खेपेतलीच म्हणायची. त्या सुमाराला रस्त्यावर उतरलेल्या गाड्या आता जुन्या झाल्यात आणि त्यांचं एबीएस हायवेवरच्या आमच्यासारख्या इलेक्ट्रिशियनकडे येऊ लागलंय. तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते, म्हणून हे एक प्रकरण रीडिंगसकट लिहून ठेवतो.

गाडी कोल्हापूर-रत्नागिरी धावते. कोल्हापुरात सिमेंट, पेंड, किराणा जे मिळेल ते भरायचं, मलकापूरवरून आंबा घाट उतरायचा, रत्नागिरीत खाली करायचं, आणि परतीचं भाडं मिळालं तर ठीक, नाहीतर रिकामी वर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. चौपदरीकरणाच्या कामाची लाल माती रस्त्यावर, त्यात मासळीच्या गाड्यांतून गळणारं खारं पाणी. या गाडीचा खालचा भाग जून ते सप्टेंबर असल्या पाण्यातच असतो.

ड्रायव्हर शाहूवाडीकडचे, मुरलेले. त्यांनी तक्रार सांगितली ती अशी: "मिस्त्री, पाऊस लागला की बघा. वळणावर गाडी हळू केली, ब्रेक दाबला की मागनं फुस फुस हवा सोडतंय. धरायची तशी धरत न्हाई. आन् एक्झॉस्ट ब्रेक आपोआप सुटतोय. मग पिवळा दिवा लागतोय. घाटात रांगेत अडकलो की ब्रेक न दाबता बी लागतोय. पाऊस उघडला, गाडी रातभर वाळली, की काय बी न्हाई."

(एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे इंजिनचा धूर अडवून इंजिनच्याच ओढीने गाडी रोखणारा ब्रेक.) मी त्यांना विचारलं, "मामा, हवा कुठल्या बाजूने सोडते?"

"उजव्या मागच्या चाकाकडनं. क्लीनरला खाली उतरवून ऐकवलंय मी."

इतकी नेमकी तक्रार क्वचित मिळते. निम्मं निदान यातच होतं, पण ते आधी कुणी नीट ऐकून घेतलं नव्हतं. दुसऱ्या एका वर्कशॉपने, हवा उजव्या मागच्या बाजूने सुटते ना, मग तिथला मॉड्युलेटर (चाकाच्या ब्रेकची हवा सोडणारा एबीएसचा व्हॉल्व्ह) गेला असणार, असं म्हणून नवा बसवला. महागडा भाग. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मग कुणीतरी एबीएसचा फ्यूज काढला आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याचा बल्बही काढून टाकला. फुसफुस थांबली, दिवा गेला, सगळ्यांना वाटलं काम झालं. त्यानंतर एके दिवशी रिकामी गाडी परत नेताना पालीच्या अलीकडे पुढे जनावर आलं. मामांनी ब्रेक दाबला, मागची चाकं जागेवर बसली आणि ओल्या डांबरावर गाडीचा मागचा भाग थेट समोरच्या लेनमध्ये गेला. समोरून कुणी येत नव्हतं. मामा तिथून मालकांशी बोलले आणि गाडी घेऊन माझ्याकडे आले.

रिकाम्या ट्रकची मागची चाकं ओल्या रस्त्यावर किती लवकर लॉक होतात हे ज्याने पाहिलंय तो फ्यूज काढणार नाही. भरलेल्या गाडीला वजन धरून ठेवतं. रिकामी गाडी तेवढ्याच दाबाला घसरते, आणि मागची चाकं फिरायची थांबली की गाडी सरळ राहत नाही. एबीएसची खरी गरज तिथेच असते.

तक्रारीतून काय कळत होतं

हवेच्या ब्रेकमध्ये एबीएसचं काम थोडक्यात असं: चाकाच्या हबवर दात्यांची रिंग असते, बहुतेक जड गाड्यांत १०० दात्यांची. तिच्यासमोर सेन्सर. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं एवढंच असतं, त्याला बाहेरून वीज लागत नाही. दाता समोरून गेला की वेटोळ्यात बारीकसा एसी व्होल्टेज तयार होतो. तो कंट्रोल युनिटकडे जातो. एखाद्या चाकाचा वेग बाकीच्यांपेक्षा अचानक पडला तर युनिट समजतं की चाक लॉक होतंय, आणि त्या चाकाच्या मॉड्युलेटरला हवा सोडायला सांगतं. त्याच वेळी एक्झॉस्ट ब्रेकही तोडतं, कारण निसरड्या रस्त्यावर इंजिनच्या ओढीनेही मागची चाकं लॉक होऊ शकतात.

आता मामांचं बोलणं पुन्हा वाचा. हवा सुटते आणि एक्झॉस्ट ब्रेकही सुटतो, म्हणजे युनिटने जाणूनबुजून हुकूम दिलाय. नुसता मॉड्युलेटर बिघडून गळत असता तर एक्झॉस्ट ब्रेक सुटला नसता. मॉड्युलेटर सांगितलेलं काम करत होता, सांगणंच चुकीचं होतं. आणि ते चुकीचं का, तर त्या चाकाची खबर युनिटपर्यंत पोचत नव्हती.

हळू वेगालाच का? या सेन्सरचा व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो आणि कमी होतो. ताशी १० किलोमीटरला ट्रकचं चाक सेकंदाला एक फेरीही पुरी करत नाही. सिग्नल अगदी क्षीण असतो. वाटेत कुठे पाण्यातून थोडी जरी गळती झाली तर ६० च्या वेगाला ती खपून जाते, पण घाटातल्या वळणावर उरलासुरला सिग्नलही नाहीसा होतो. युनिटला वाटतं, चाक थांबलं.

त्यामुळे गाडीखाली जाण्याआधीच जागा ठरली होती: उजव्या मागच्या सेन्सरपासून युनिटपर्यंतची वाट. मात्र ठरली म्हणजे सिद्ध झाली असं नाही, आणि पुढे एक दुसराही दोष निघाला, जो या तक्रारीच्या आड लपला होता.

कोरडी तपासणी

सगळ्यात आधी फ्यूज आणि बल्ब परत बसवले. दिव्याशिवाय एबीएस तपासणं म्हणजे अंधारात चाचपडणं. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, टाक्यांत पुरती हवा. मामांना ब्रेक दाबून धरायला सांगून चावी ऑन केली आणि मी गाडीभोवती फिरून ऐकलं. युनिट सुरू होताना प्रत्येक मॉड्युलेटरला एकेक झटका देऊन बघतं. चारही ठिकाणी एकामागून एक फुस् ऐकू आलं. म्हणजे मॉड्युलेटर आणि त्यांचं वायरिंग जिवंत. (जुना मॉड्युलेटर गाडीतच पडला होता. त्याच्या दोन्ही कॉइल मीटरवर नव्याशी जुळल्या. तो चांगला होता.)

मग ब्लिंक कोड. डायग्नोसिसचं बटन दाबलं की दिवा ठरावीक लुकलुकतो, पहिल्या आकड्यावरून दोषाचा प्रकार आणि दुसऱ्यावरून जागा कळते. कोड कुठल्या बनावटीला कसे लागतात ते त्या गाडीच्याच तक्त्यात बघावं, एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावू नये. दोन कोड निघाले. उजव्या मागच्या सेन्सरचा सिग्नल तुटक. आणि युनिटला मिळणारा व्होल्टेज कमी.

या दुसऱ्या कोडकडे दुर्लक्ष करायचा मोह होतो, कारण जुन्या गाडीत बॅटरी कधीतरी उतरलेली असतेच. मी तो कागदावर लिहून बाजूला ठेवला.

मागचा एक्सल जॅकवर घेऊन स्टँड लावले, हँडब्रेक सोडला. युनिटकडचा कपलर (वायरिंगचा प्लग) सोडवला आणि तिथूनच मोजलं, कारण तिथून मोजलं की सेन्सर, केबल आणि मधले सगळे जोड एका रीडिंगमध्ये येतात. उजव्या मागच्या सेन्सरचा रेझिस्टन्स ११०० ओहमच्या थोडा वर. अगदी हवा तसा. चेसिसला काहीच गळती नाही. चाक हाताने साधारण दोन सेकंदांत एक फेरी होईल असं फिरवलं, डावीकडे अर्ध्या व्होल्टच्या वर एसी मिळाला, उजवीकडे जेमतेम पाव. किमान ०.२ लागतो. म्हणजे उजवा पास, पण काठावर.

बहुतेक ठिकाणी तपासणी इथे संपते. "सेन्सर ओके" असं लिहून पुढचा संशय युनिटवर जातो. पण तक्रार पावसातली आहे आणि गाडी वाळलेली आहे, मग हे रीडिंग कशाचं? ज्या स्थितीत दोष येतो ती स्थिती आणून मोजलं पाहिजे.

ओली तपासणी

बादलीभर पाण्यात चमचाभर मीठ टाकलं. कोकणातलं नळाचं पाणी मऊ, त्यातून वीज फारशी जात नाही, रस्त्यावरचं पाणी तसं नसतं. मीटर चेसिस आणि सेन्सरच्या तारेमध्ये लावून ठेवला, क्लीनरला त्याच्याकडे बघायला बसवलं आणि मी झारीने खालून वर एकेक भाग भिजवत गेलो. प्रेशरचा पंप वापरला नाही. पंपाने सगळंच एकदम भिजतं आणि पाणी नेमकं कुठे शिरलं ते कळत नाही.

हबवर, सेन्सरच्या तोंडावर पाणी: काही नाही. ब्रेक चेंबरजवळ: काही नाही. एक्सल हाऊसिंगवरून केबल ब्रेकच्या होजबरोबर चेसिसकडे चढते तिथे पाणी घातलं आणि थांबलो. थांबणं महत्त्वाचं आहे, घाई केली तर ही जागा निसटते. थोड्या वेळाने क्लीनर ओरडला, आकडे हलायला लागले. काहीच न दाखवणारा मीटर आधी लाखांत, मग हजारांत आला, आणि शेवटी काही हजार ओहमवर डुलत राहिला. त्याच वेळी दुसऱ्या मीटरने चाकाचा सिग्नल बघितला. पाव व्होल्टचा निम्माही उरला नव्हता, आणि केबल हलवली की तोही जात होता.

केबल सोडवून हातात घेतली. लोखंडी क्लिपखाली बाहेरचं काळं आवरण घासून त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. चिखल पुसल्याशिवाय दिसतही नव्हतं. ब्लेडने आवरण उभं चिरलं तर आतली तांब्याची तार हिरवी, आणि तो हिरवेपणा भोकापासून हातभर वर, थेट चेसिसवरच्या कपलरपर्यंत गेलेला. बारीक तारांच्या पेडांमधून पाणी वर ओढलं जातं, त्याला उतार लागत नाही. कपलर उघडला, दोन्ही पिनांवर हिरवा क्षार आणि रबराचा सील फुगून जागेवरून सरकलेला. पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल आणि काळ्या ऑइलचा फवारा मारायची पद्धत आपल्याकडे आहे, पत्रा गंजू नये म्हणून. पत्र्याला त्याचा उपयोग होत असेल, पण कपलरच्या सीलला डिझेल सोसत नाही. फवारा मारायचाच असेल तर कपलर आधी प्लास्टिकने बांधून घ्यावेत.

इथे रेझिस्टन्सच्या रीडिंगबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्यात भलेभले फसतात. पिनवरचा क्षार वाटेत अडथळा आणतो, त्यामुळे रेझिस्टन्स वाढतो. दोन तारांमध्ये पाणी आलं की वीज आडवाटेने परतते, त्यामुळे रेझिस्टन्स कमी होतो. दोन्ही दोष एकदम असले तर एक वाढवतो, दुसरा घटवतो, आणि मीटरवर ११०० च्या आसपासचा देखणा आकडा दिसतो. म्हणून नुसत्या ओहमवर सेन्सर पास करू नये. चेसिसला गळती वेगळी मोजावी, आणि चाक फिरवून एसी व्होल्ट बघितल्याशिवाय तर सोडूच नये.

कोरड्यातही उजवीकडे सिग्नल कमी का, हा प्रश्न उरला होता. चाकाला वर-खाली धरून हलवलं तर हबला थोडा खेळ. बेअरिंग सैल झालं की हब डोलतं, रिंग सेन्सरला मागे ढकलते आणि मधली फट वाढते. ही फट पाऊण मिलिमीटरच्या आत असावी लागते. ड्रम काढून बेअरिंगचं अॅडजस्टमेंट करून घेतलं, रिंगच्या दात्यांत बसलेली ब्रेक लायनरची भुकटी ब्रशने साफ केली. सेन्सरला धरून ठेवणारी स्प्रिंगची बुश ढिली पडली होती, ती नवी टाकली. सेन्सर हाताने दाबून रिंगला टेकेपर्यंत आत घालायचा, बस. चाक फिरलं की रिंग त्याला हवा तेवढा मागे सारते. हातोडी लावायची नाही, आतलं वेटोळं तुटतं.

दुसरा कोड

आता बाजूला ठेवलेला कागद. पाऊस म्हणजे नुसतं पाणी नाही. पाऊस आला की वायपर, हेडलाइट, काच पुसट होते म्हणून ब्लोअर, सगळं एकदम चालू होतं, आणि घाटात गाड्या अडल्या की इंजिन आयडलवर. मी नेमकं तेच केलं. इंजिन आयडलवर ठेवून सगळं चालू केलं. बॅटरीच्या टर्मिनलवर २४.६ व्होल्ट. युनिटच्या कपलरवर मात्र २० च्या खाली, आणि वायपर जोरात टाकला की आणखी खाली. इतकं कमी मिळालं की युनिट स्वतःला बाजूला करतं आणि दिवा लावतं.

मग मीटरची एक तार युनिटच्या अर्थच्या पिनला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. चार व्होल्टच्या वर. इथे काही दशांश दिसायला हवेत. केबिनखाली चेसिसला जिथे अर्थिंगचे थिंबल (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या) एकावर एक बसवलेले असतात, तो बोल्ट गंजून त्याला पापुद्रे सुटले होते. वायपर आणि दिव्यांचा करंटही त्याच बोल्टवरून परत जात होता. कोरड्या दिवशी, वायपर बंद असताना याचा पत्ताही लागत नाही. बोल्ट काढला, चेसिस लखलखीत होईपर्यंत घासली, थिंबल नवे केले, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. तोच टेस्ट, तेच सगळं चालू ठेवून: ०.२ व्होल्ट.

म्हणजे मामांच्या तक्रारीत खरं तर दोन दुखणी होती. हवा सुटणं आणि एक्झॉस्ट ब्रेक तुटणं केबलमुळे. पण घाटात खोळंबलेल्या रांगेत, ब्रेक न दाबताच जो दिवा लागायचा, तो अर्थिंगमुळे. नुसती केबल बदलून गाडी सोडली असती तर दिवा पुन्हा लागला असता आणि मामांचा आमच्यावरचा, आणि एबीएसवरचाही, विश्वास कायमचा उडाला असता.

दुरुस्ती आणि ट्रायल

केबलला मध्येच जोड देऊन टेप गुंडाळायला मी नकार दिला. मालक फोनवर म्हणाले, "मिस्त्री, दोन इंच वायर गेलीय, अख्खी कशाला बदलता?" त्यांना हिरव्या तारेचा फोटो पाठवला. पाणी हातभर वर गेलंय, जोड कितीही चांगला दिला तरी आतली तार कुजत राहणार, आणि एक्सलखालचा जोड चिखलात टिकत नाही. शिवाय या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात, तो पीळ सोडून लांबलचक जोड दिला की आजूबाजूचा विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. ते लगेच हो म्हणाले. सेन्सर त्याच्या केबलसकट नवा टाकला, चेसिसवरचा कपलर आणि सील नवे, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस. क्लिपखाली रबराची पट्टी घातली. केबल एक्सलच्या हालचालीला पुरेल इतकी सैल ठेवली आणि कपलरच्या आधी खाली झोळ सोडला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, कपलरपर्यंत पोचत नाही.

डावीकडची केबलही त्याच क्लिपखाली घासायला लागली होती, अजून भोक पडलं नव्हतं. तिलाही पट्टी.

हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडले तर पाणी आलं, चांगलं वाटीभर, दुधाळ. पावसाळ्यात हवाच दमट असते, हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलं की ते पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं. कार्ट्रिज बदललं. हे तक्रारीचं कारण नव्हतं, पण वर्षभरात झालं असतं.

कोड पुसले. सेन्सरचा दोष नोंदलेला असेल तर बहुतेक गाड्यांत नुसत्या चावीवर दिवा विझत नाही, गाडी थोडी चालावी लागते. आवारातच पुढे घेतली, दिवा विझला. मग मिठाच्या पाण्याची तीच चाचणी त्याच जागी, आणि नंतर साध्या पाण्याने सगळं धुऊन काढलं. मीटर हलला नाही. चाक फिरवून उजवीकडे आता डावीकडच्याइतकाच व्होल्टेज.

रस्त्यावरची ट्रायल पावसातच घ्यायची म्हणून थांबलो, फार थांबावं लागलं नाही. जवळच्या मोकळ्या ओल्या पटांगणात, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, रिकामी गाडी ताशी ३५ च्या आसपास नेऊन मामांनी ब्रेक पूर्ण दाबला. चारही कोपऱ्यांतून हवेचे झटके आले, गाडी सरळ थांबली, आणि थांबताना त्यांनी स्टिअरिंग थोडं वळवलं तर वळलीही. मग उलट चाचणी: ताशी १० ने, वायपर-दिवे-ब्लोअर चालू, हलका ब्रेक, पुन्हा पुन्हा. एकदाही फुस् नाही. एक्झॉस्ट ब्रेक धरून. माझ्या लेखी या दोन्ही चाचण्या लागतात. एबीएस गरजेला चालतं हे पहिलीतून कळतं, आणि गरज नसताना मध्ये पडत नाही हे दुसरीतून.

मागच्या एका जोडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते, ते मी बिलावर लिहून दिलं आणि मालकांना फोनवरही सांगितलं. टायरला पकडच नसेल तर एबीएस ती कुठून आणणार? त्यांनी पुढच्या भाड्याच्या आत बदलतो म्हणून सांगितलं, आणि बदलले.

मामांना निघताना एकच काम लावून दिलं. रोज सकाळी चावी ऑन केल्यावर पिवळा दिवा लागतो का आणि गाडी हलल्यावर विझतो का, दोन्ही बघायचं. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा कुणी काढलाय. विझला नाही तर पाऊस असताना, गाडी ओली असतानाच माझ्याकडे आणायची, वाळवून नव्हे.

त्या पावसाळ्यात ते आंबा घाटातून जात-येत राहिले. साखरप्याहून एकदा फोन आला, बाहेर धो धो चालू होता आणि त्यांना ऐकवायचं होतं: "मिस्त्री, आत्ता घाट उतरलोय. एक्झॉस्ट सुटला न्हाई, दिवा न्हाई. मालकांची दुसरी गाडीबी असंच करतीय, तिलाबी घालतो तुमच्याकडं." ती गाडी दोन दिवसांनी आली. तिच्यात केबल ठणठणीत होती, फक्त अर्थिंगचा बोल्ट गंजला होता.